ई २२० सीडीआयचा दुसऱ्या गिअरमध्ये अडकणारा गिअरबॉक्स: नागपुरातील दुरुस्तीच्या नोंदी

८ एप्रिल

वाहन मर्सिडीज-बेंझ ई २२० सीडीआय, डब्ल्यू २११ मालिकेतील, २००७ चे मॉडेल, डिझेल. गिअरबॉक्स पाच गिअरचा ऑटोमॅटिक, ७२२.६ या क्रमांकाने ओळखला जाणारा. हा गिअरबॉक्स १९९६ च्या सुमारास आला आणि पुढे अनेक मॉडेलांत वापरला गेला. आपल्याकडच्या महिंद्रा रेक्स्टनच्या ऑटोमॅटिक आवृत्तीतील पाच गिअरचा बॉक्सही मर्सिडीजकडूनच घेतलेला होता, त्यामुळे पुढच्या नोंदींतील बराचसा भाग तशा गाडीच्या मालकांनाही उपयोगी पडेल.

गाडी माझ्या मामेभावाची आहे आणि वर्धा रोडवरील त्याच्या घरापासून बुटीबोरीच्या कारखान्यापर्यंत ती रोज धावते. तक्रार अशी, की दुपारी परतताना अर्धा-पाऊण तास चालल्यावर गाडी एकाएकी दुसऱ्या गिअरमध्ये अडकते, पन्नास-साठच्या वेगालाच इंजिनाचे फेरे तीन हजारांच्या आसपास जातात आणि गिअर पुढे चढतच नाही. गाडी थांबवून, लिव्हर पी (पार्क) वर आणून, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की सारे ठीक होते, आणि काही किलोमीटरनंतर पुन्हा तेच. त्याखेरीज रिव्हर्समधून डी (ड्राइव्ह) मध्ये आणताना खालून एक धक्का बसतो, आणि ऐंशीच्या आसपास हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी बारीक थरथरते.

शहरातील एका गॅरेजने गिअरबॉक्स निकामी झाल्याचे सांगून दुसरा बसवण्यासाठी २,८५,००० रुपयांचा अंदाज लेखी दिला आहे. त्या कागदावर एकाही मोजमापाची नोंद नाही. तेल किती होते, कोणत्या रंगाचे होते, संगणकाने कोणता दोष नोंदवला, यांतले काहीही त्यात नाही. मोजमाप केल्याविना एवढी रक्कम खर्च करू नये, असे मी भावाला सांगितले आणि गाडी हिंगणा रोडवरील एका ओळखीच्या मिस्त्रींकडे आणली. त्यांच्याकडे गाडी पूर्ण उचलणारी दोन खांबांची लिफ्ट आहे, आणि खाली झोपून हे काम करण्यापेक्षा तिचे भाडे देणे केव्हाही बरे.

९ एप्रिल

सकाळी स्कॅनिंग. भावाने विकत घेतलेले, मोबाइलशी जोडले जाणारे स्वस्त उपकरण लावून पाहिले, तर त्यात एकही दोष दिसला नाही. अशी बहुतेक उपकरणे फक्त इंजिनाच्या संगणकाशी बोलतात. या गाडीत गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट वेगळे आहे आणि त्याच्या नोंदी वाचण्यासाठी मर्सिडीजपर्यंत खोलवर पोहोचणारा स्कॅनर लागतो. सदरमधील एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून तसा स्कॅनर आणि त्याचा वेळ १,५०० रुपयांत मिळाला.

गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये पी २७६७ हा दोष साठलेला होता, म्हणजे वेग मोजणाऱ्या दोन सेन्सरांपैकी दुसऱ्याकडून, एन-३ कडून, संकेत न येणे. त्यासोबत गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याची एक नोंद होती. दोन्ही दोष साठलेले होते, चालू नव्हते. ते पुसून गाडी अंबाझरीच्या बाजूने फिरवून आणली, तर पाचही गिअर स्वच्छ पडले आणि एकही दोष परत आला नाही.

इथे मिस्त्री जे बोलले ते पुढच्या साऱ्या कामाला दिशा देणारे ठरले: "साहेब, सकाळी काऊन तपासता जी? गाडी तर दुपारीच बिघडते ना." तेव्हापासून दोष शोधण्याच्या सगळ्या चाचण्या दुपारी एक ते चारच्या दरम्यान घेण्याचे ठरवले.

११ एप्रिल

तेलाची तपासणी. या गिअरबॉक्सला तेल पाहण्याची नळी आहे, पण तिच्यात गेज पट्टी नसते. वर एक टोपण असून त्याची प्लास्टिकची खूण तोडूनच ते उघडता येते, आणि पट्टी हे कार्यशाळेचे वेगळे हत्यार आहे. तिच्यावर २५ अंश आणि ८० अंश तापमानासाठी वेगवेगळ्या खुणा असतात. बाजारात तिच्या नकला मिळतात. आम्ही घेतलेली नक्कल मिस्त्रींकडच्या जुन्या मूळ पट्टीशी लावून पाहिली आणि खुणा जुळल्यावरच वापरली. नक्कल घेणाऱ्याने ही तुलना जरूर करावी, कारण चुकीच्या खुणेवर भरलेले तेल हे स्वतःच नव्या बिघाडाचे कारण होते.

तेल कमी निघाले. रंग गडद तपकिरी होता, परंतु जळका वास नव्हता आणि टिपकागदावर टाकलेल्या थेंबात चमकणारे कण दिसले नाहीत. दुधाळ किंवा गुलाबीसर फेसही नव्हता. या शेवटच्या गोष्टीने सर्वांत मोठा दिलासा दिला, कारण गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते आणि ती आतून फुटली तर कूलंट तेलात मिसळते. त्यातील ग्लायकॉल टॉर्क कन्व्हर्टरमधील (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातील) क्लचच्या अस्तराला अगदी थोड्या प्रमाणातही मारक असते. तसे झाले असते तर काम या नोंदींच्या मर्यादेत राहिले नसते.

लिफ्टवर गाडी चढवल्यावर तेल कुठे जाते ते लगेच दिसले. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला विजेच्या तारा जोडणारे तेरा पिनांचे कपलर आहे. त्याच्याभोवती सगळे ओले होते आणि तिथून तेल चेंबरच्या, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याच्या, कडेवर ओघळले होते. चेंबरचे पॅकिंग गळते, असे आधीच्या गॅरेजने भावाला सांगितले होते. पुसून घेऊन, इंजिन चालू ठेवून पाहिल्यावर पॅकिंग कोरडे आणि कपलर ओले, हे स्पष्ट झाले.

१३ एप्रिल

कपलरच्या आत एक प्लास्टिकचा मार्गदर्शक तुकडा असतो, जो गिअरबॉक्सच्या कवचातून आरपार जातो, आणि त्याच्यावरच्या दोन ओ-रिंग तेल अडवतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या कडक होतात आणि तेल बाहेर येऊ लागते. नवा तुकडा १,४०० रुपयांना मिळाला. बदलण्याची कृती सोपी आहे: जवळचे पत्र्याचे आवरण काढायचे, कपलरची कडी फिरवून ते ओढून घ्यायचे, आतला ७ मिलिमीटरचा बोल्ट सोडायचा आणि तुकडा सरळ बाहेर खेचायचा. मात्र कपलर सोडण्याआधी डिकीतील बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, आणि नवा तुकडा बसवताना ओ-रिंगना गिअरबॉक्सचेच तेल लावावे, ग्रीस लावू नये.

जुना तुकडा हाताने वाकवून पाहिला तर ओ-रिंगला अजिबात लवचीकपणा उरला नव्हता. तेल तात्पुरते पातळीपर्यंत भरून गाडी भावाकडे दिली आणि दुपारी कसे चालते ते पाहायला सांगितले.

१८ एप्रिल

काही दिवस गाडी बरी चालली आणि आज पुन्हा बुटीबोरीच्या वाटेवर अडकली. दोष तोच, पी २७६७.

पुढचा टप्पा कंट्रोल युनिटचा होता, आणि या गिअरबॉक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो टाळता कामा नये. कपलरमधून गळणारे तेल केवळ खाली पडत नाही. ते तारांच्या बारीक धाग्यांमधून, समईच्या वातीत चढावे तसे, हार्नेसमधून (तारांच्या जुडग्यातून) वर चढत कंट्रोल युनिटच्या प्लगपर्यंत पोहोचते. युनिट बाहेर काढून प्लग उघडल्यावर पिनांमध्ये तेल होते. युनिटचे कवच उघडून पाहिले, आतील सर्किटची पाटी सुदैवाने कोरडी होती. पाटीवर तेल पोहोचले असते तर संकेतांची सरमिसळ होऊन कोणताही दोष उमटू शकला असता आणि मग कोणत्याच नोंदीवर भरवसा ठेवता आला नसता.

प्लग आणि पिना चट्कन उडून जाणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या, कापडाची पट्टी गुंडाळून ठेवली आणि काही तासांनी पाहिले, तर पट्टीवर पुन्हा तेलाचा डाग होता. हार्नेसमध्ये साठलेले तेल हळूहळू येतच राहते, त्यामुळे एकदा धुऊन काम संपत नाही. रात्रभर प्लग खाली तोंड करून लटकवला, सकाळी पुन्हा धुतला, आणि डाग येणे जवळजवळ थांबल्यावरच युनिट जोडले. क्लीनरच्या डब्यांना ६५० रुपये लागले.

२२ एप्रिल

दुपारी दीड वाजता, बाहेर रस्ता तापलेला असताना, इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन आउटर रिंग रोडवर चाचणी घेतली. स्कॅनरवर एन-२ आणि एन-३ या दोन्ही वेग-सेन्सरांचे आकडे आणि तेलाचे तापमान एकाच वेळी नोंदवत ठेवले. ही नोंद वाचताना एक गोष्ट माहीत असली पाहिजे, नाहीतर चांगला सेन्सर बाद ठरतो. या गिअरबॉक्समध्ये पहिल्या आणि पाचव्या गिअरला पुढचे सन गिअर (मधले दातेरी चाक) आतल्या ब्रेकने धरून ठेवलेले असते, म्हणून एन-२ सेन्सर त्या दोन गिअरमध्ये शून्य दाखवतो आणि ते बरोबर असते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये मात्र एन-२ आणि एन-३ यांचे आकडे समान यायला हवेत. म्हणून तुलना याच तीन गिअरमध्ये करायची.

तेल ७० अंशांवर असेपर्यंत दोन्ही आकडे अगदी जुळत होते. ९० अंश ओलांडल्यानंतर चौथ्या गिअरमध्ये एन-३ चा आकडा एकदम शून्यावर आला, क्षणभराने परत आला, आणि पुन्हा गेला तो गेलाच. त्याच क्षणी गाडीने सुरक्षित स्थिती, म्हणजे तक्रारीतली तीच एका गिअरमध्ये अडकण्याची स्थिती, घेतली. एन-२ चा आकडा या सगळ्यात एकदाही हलला नाही.

दोन्ही सेन्सरांना वीज एकाच वाटेने मिळते. वाट तुटली असती तर दोन्ही आकडे एकत्र गेले असते. केवळ एकच जातो, तोही ठरावीक तापमानानंतर, याचा अर्थ दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या स्वतःच्या तारेत आहे. कपलरपासून युनिटपर्यंतची ती तार मल्टिमीटरने तपासली आणि हलवून, ओढून पाहिली. तीत खंड नव्हता. सोलेनॉइडचे (विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हचे) रोधही कपलरवरून मोजून घेतले: गिअर बदलणारे तिन्ही ४ ओमच्या आसपास, दाबाचे दोन्ही ५ ओमच्या आसपास आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचचा अडीच ओमच्या आसपास. सगळे ठीक. सेन्सर ज्या कंडक्टर प्लेटवर कायमचे बसवलेले असतात ती प्लेट बदलणे हाच मार्ग उरला.

आज हे इतके निश्चित सांगता येते, कारण दोष त्याच्या स्वतःच्या वेळेला, आकड्यांसह, पकडता आला. सकाळच्या गारव्यात घेतलेल्या चाचणीवरून याच गाडीला निर्दोषही ठरवले गेले असते आणि संपूर्ण गिअरबॉक्सही बदलला गेला असता.

३० एप्रिल

प्लेट येण्यात वेळ गेला. बाहेरगावच्या एका विक्रेत्याने नवी म्हणून पाठवलेली प्लेट जुनी, धुऊन पुन्हा पाकिटात भरलेली निघाली. ओळखण्याच्या खुणा दोन होत्या: सोलेनॉइड जिथे टेकतात तिथल्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासल्याचे चट्टे होते, आणि प्लास्टिकच्या खोबणीत वाळलेल्या तेलाची कड होती. नवीन प्लेटवर असे काहीही असू शकत नाही. ती परत करून पैसे मिळेपर्यंतचा वेळ वायाच गेला. पाकीट उघडतानाचे चित्रीकरण केलेले असल्यामुळे वाद झाला नाही. दुसरी प्लेट मुंबईहून १९,५०० रुपयांना मागवली.

६ मे

आज चेंबर उघडला. लिफ्टवर असताना गाडी पूर्ण सपाट आहे याची खात्री करून घेतली आणि तेल कोमट असताना निचऱ्याचा बोल्ट सोडला. तेल गरम असताना हे करू नये, कारण ८० अंशांच्या तेलाने हात भाजतो.

चेंबरमधील चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप होता. एवढ्या वर्षांच्या गिअरबॉक्समध्ये तो असणारच. बोटांत चोळल्यावर टोचणारे तुकडे, पितळी चकत्या किंवा काळे खपले असते तर मी काम तिथेच थांबवून भावाला फोन केला असता, कारण मग प्लेट बदलून काहीही साधले नसते. मिस्त्रींनी तो लेप पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिल्यावरच पुढे जायला सांगितले.

फिल्टर खाली ओढून काढला. त्यानंतर व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या दाबाची वाटणी करणारा, सोलेनॉइड आणि कंडक्टर प्लेट ज्यावर बसतात तो भाग. तिला टी-३० टॉर्क्सचे दहा बोल्ट आहेत. एका पुठ्ठ्यावर तिची आकृती काढून प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला तिथेच टोचून ठेवला. शेवटचे बोल्ट सोडताना एकाने खालून आधार द्यायलाच हवा, कारण ती जड असते आणि तिच्यातून तेल बराच वेळ गळत राहते. कपलरचा मार्गदर्शक तुकडा आधी बाहेर काढलेला असावा. तो तसाच ठेवून बॉडी खाली ओढली तर तुकडाही जातो आणि प्लेटची बाजूही फुटते.

बॉडी टेबलावर धूळ नसलेल्या कापडावर ठेवली. हिंगणा रोडची उन्हाळ्यातील धूळ लक्षात घेऊन गॅरेजचे शटर अर्धे खाली ओढून घेतले होते आणि पंखा बंद ठेवला होता. घामाने भिजूनही तो बंदच ठेवणे आवश्यक होते, कारण व्हॉल्व्हच्या भोकांत गेलेला एक कण पुढे महिनोन्महिने त्रास देतो. सोलेनॉइड धरून ठेवणाऱ्या पट्ट्या सोडल्या, सहाही सोलेनॉइड त्यांच्या जागेच्या क्रमाने वेगळे ठेवले आणि प्लेट वर उचलली. एन-३ सेन्सरच्या मुळाशी प्लास्टिकला केसासारखी बारीक तडा दिसली. तापल्यावर संकेत का जात होता, त्याचे हे बहुधा कारण असावे.

व्हॉल्व्ह बॉडीचे दोन अर्ध वेगळे केले नाहीत आणि कोणी करूही नयेत. या कामाला त्याची गरज नाही, आणि आतल्या लहान गोळ्या व जाळ्या एकदा विखुरल्या की त्यांच्या जागा लावत बसावे लागते.

बसवताना सर्वांत काळजीची जागा एकच आहे. सिलेक्टर व्हॉल्व्हच्या टोकाची खाच लिव्हरच्या खुंटीत नेमकी बसली पाहिजे. ती न बसता बोल्ट आवळले तर लिव्हर हलेल, पण गिअर पडणार नाही, आणि सगळे पुन्हा उघडावे लागेल. म्हणून दोन बोल्ट हातानेच धरून मी आतून लिव्हर पी पासून डी पर्यंत सावकाश फिरवला आणि मिस्त्रींनी खालून व्हॉल्व्ह प्रत्येक स्थितीत सरकतो ते डोळ्यांनी पाहिले. मग टॉर्क पान्याने सर्व बोल्ट ८ न्यूटन-मीटरवर आवळले. हे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात. अंदाजाने जोर लावणाऱ्याच्या हातून आटे जातात आणि मग आटे दुरुस्त करणे हेच एक मोठे काम होऊन बसते. चेंबरचे बोल्टही ८ वर, निचऱ्याचा बोल्ट २० वर. फिल्टर आणि पॅकिंग मिळून २,६०० रुपये.

७ मे

तेल भरणे. पातळी ठरवण्याचे काम मात्र पहाटे करायचे असे ठरले, आणि त्याला कारण आहे. तेलाची पातळी ८० अंशांवर, इंजिन चालू असताना, लिव्हर पी वर ठेवून पाहायची असते. दुपारच्या शेडमध्ये तेल ८० ओलांडून पुढे निघून जाते आणि परत खाली येता येत नाही. पहाटे ते हळूहळू चढते आणि नेमका क्षण सापडतो.

यात आणखी एक अडचण आहे, जी कळल्याविना पातळी कधीच बरोबर येत नाही. गिअरबॉक्समधील तापमान-सेन्सर आणि गाडी गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होऊ न देणारा संपर्क एकाच मंडलात जोडलेले आहेत. लिव्हर पी किंवा एन (न्यूट्रल) वर असताना तो संपर्क उघडा असतो, त्यामुळे युनिटला तेलाचे तापमान कळतच नाही आणि ते इंजिनाच्या कूलंटचे तापमान गृहीत धरते. म्हणजे पी वर उभ्या गाडीत स्कॅनर जो आकडा दाखवतो तो तेलाचा नसतो. खरे तापमान पाहायचे तर चाकांना अटकाव लावून, पाय ब्रेकवर घट्ट ठेवून लिव्हर क्षणभर डी मध्ये आणायचा, आकडा वाचायचा आणि परत पी वर न्यायचा.

आधी चार लिटर तेल ओतूनच इंजिन सुरू केले, मग लिव्हर सगळ्या स्थितींतून फिरवून थोडे थोडे वाढवत नेले. तेल मर्सिडीजच्या २३६.१४ या मानकाचे घेतले, ९५० रुपये लिटरप्रमाणे. भावाच्या जुन्या बिलावर आधीच्या गॅरेजने सर्वसाधारण ऑटोमॅटिक गाड्यांचे तेल भरल्याचे आढळले होते. या गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर-क्लच पूर्ण पकडण्याऐवजी बराच वेळ नियंत्रित घसरणीत चालतो, आणि त्या घसरणीसाठी तेलातील घर्षणाचे गुणधर्म ठरावीक असावे लागतात.

तेल खुणेच्या वर जाऊ दिले नाही. जास्त तेल झाले तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, दाब कमी होतो, आणि लक्षणे पुन्हा कमी तेलासारखीच दिसतात.

१० मे

शिकलेली मूल्ये स्कॅनरने पुसून गाडी नव्याने शिकवली. युनिट प्रत्येक गिअरबदलासाठी किती वेळ आणि किती दाब लागतो हे लक्षात ठेवते. जुन्या तेलावर आणि गळक्या पातळीवर शिकलेली मूल्ये तशीच ठेवली तर नवीन भागांवर झटके बसतात. शिकणे तेल ६० ते १०५ अंशांच्या दरम्यान असतानाच होते, म्हणून गाडी आधी तापवली आणि मग आउटर रिंग रोडवर हलक्या, स्थिर ॲक्सिलरेटरने पहिल्यापासून पाचव्यापर्यंत नेऊन, ब्रेक न दाबता हळू होऊ देऊन, पुन्हा वर नेली. शेवटी शेवटी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणे कळेनासे झाले.

अडकणे थांबले. ऐंशीच्या वेगाची थरथर कमी झाली, पण गेली नाही. रिव्हर्समधून डी मध्ये येतानाचा धक्का जसाच्या तसा राहिला.

१५ मे

थरथरीचे कारण उरलेले जुने तेल. चेंबरमधून निघते ते एकूण साधारण आठ लिटरांपैकी निम्म्याहून थोडे अधिक, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते, आणि या गाडीच्या कन्व्हर्टरला निचऱ्याचा बोल्ट नाही. म्हणून कूलरहून परतणारी नळी सोडून तिचे तोंड मोजपट्टी असलेल्या डब्यात धरले, इंजिन थोडा वेळच चालवून जेवढे निघाले तेवढेच नवे भरले, आणि निघणारे तेल स्वच्छ लाल होईपर्यंत असे करत गेलो. इंजिन सलग चालू ठेवून हे करू नये, कारण पंप कोरडा पडतो. पातळी पुन्हा पहाटे ८० अंशांवर लावली. एकूण अकरा लिटर तेल लागले, म्हणजे १०,४५० रुपये.

थरथर त्याच संध्याकाळी गेली.

१९ मे

धक्क्याचा शोध. गिअरबॉक्स आता आकड्यांनुसार निर्दोष असताना त्याच्याकडेच बोट दाखवत राहण्यात अर्थ नव्हता, म्हणून मागे वळलो. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाला रबरी कपलिंग असते. लिफ्टवर शाफ्ट हाताने मागे-पुढे पिळल्यावर त्याच्या बोल्टांच्या भोकांभोवती खोल चिरा उघडल्या. गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ते मागचे रबरी फाउंडेशनही खाली बसले होते आणि तेलाने फुगून मऊ झाले होते, बहुधा त्याच जुन्या गळतीमुळे.

कपलिंग ६,८०० आणि फाउंडेशन ३,२०० रुपये. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंवर रंगाने खूण करून तो त्याच स्थितीत परत बसवला, नाहीतर वेगात कंप येतो. स्वतः घट्ट होणारे नट नवीनच वापरले. धक्का पूर्ण गेला. गिअर टाकताना बसणाऱ्या धक्क्याला गिअरबॉक्सचा दोष समजून मोठे काम काढण्यापूर्वी या दोन रबरी भागांकडे पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि ती तपासणी कोणत्याही अंदाजपत्रकाच्या आधी व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

२८ मे

नवतपा सुरू आहे, आणि अंतिम चाचणीसाठी यापेक्षा कठीण दिवस नागपुरात मिळणार नाहीत. दुपारी दोन वाजता, वातानुकूलन पूर्ण वेगावर ठेवून, शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलो आणि वर्ध्याच्या बाजूने परवानगीच्या वेगमर्यादेत सलग नेले. परतल्यावर लगेच शहरात सीताबर्डीच्या गर्दीत थांबत-थांबत चालवले, कारण मोकळ्या रस्त्यापेक्षा उभ्या गर्दीत गिअरबॉक्सचे तेल अधिक तापते. शेवटी सेमिनरी हिल्सच्या चढावर थांबवून पुन्हा उचलली.

तेलाने १०० अंश ओलांडले, तरी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये एन-२ आणि एन-३ यांचे आकडे शेवटपर्यंत जुळलेले राहिले. एकही दोष साठला नाही.

२ जून

हिशेब. स्कॅनिंग १,५००, कपलरचा तुकडा १,४००, क्लीनर ६५०, प्लेट १९,५००, फिल्टर व पॅकिंग २,६००, तेल १०,४५०, रबरी कपलिंग ६,८००, फाउंडेशन ३,२००, आणि लिफ्टच्या भाड्यासह मिस्त्रींची मजुरी ९,०००. एकूण ५५,१०० रुपये. गेज पट्टीचा खर्च यात धरलेला नाही, कारण ती मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे आणि नागपुरात कोणाला याच कामासाठी लागली तर आनंदाने देईन. कपलर आणि प्लेट एकाच वेळी बदलले असते तर मजुरी थोडी वाचली असती. तरीही आधी स्वस्त भाग बदलून दुपारची चाचणी घेणे मला आजही योग्य वाटते, कारण प्लेटवर खर्च करण्याचे कारण त्या चाचणीतूनच हाती आले.

१४ जुलै

पावसाळ्यात पुन्हा तपासणी. कपलरभोवती कोरडे. कंट्रोल युनिटचा प्लग उघडून पाहिला, गुंडाळलेल्या कापडी पट्टीवर हरभऱ्याएवढा फिका डाग होता. तो हार्नेसमध्ये उरलेल्या तेलाचा आहे, नव्या गळतीचा नाही, कारण पातळी ८० अंशांच्या खुणेवर तशीच आहे. पट्टी बदलली, पिना धुतल्या. दिवाळीच्या आधी प्लग पुन्हा उघडून पाहायचा आहे, आणि तोपर्यंत भावाला गाडी रोज बुटीबोरीला नेण्यास हरकत नाही.